तात्पुरतं शून्य

आमच्या दिराचं नाव पेपरात आलं की शेजारणी विचारतात, "अहो, एवढा मोठा माणूस तुमच्या घरचा, मग कधी दिसत कसा नाही?" मी म्हणते, मोठ्या माणसांना आमचं दार बुटकं पडतं. त्या हसतात आणि आपल्या कामाला लागतात. तुम्ही मात्र बसूनच विचारलंत, तर ऐका सगळं. फक्त मधे अडवू नका. मला राग आला की सांगायचं राहून जातं आणि नुसता तोंडाचा पट्टा सुटतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. घर म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, मागे मोरी, आणि खिडकीतून दिसणारी दोन धुराडी. सासरे कोळसा उतरवायच्या कामावर, आमचे हे बॉयलरवर. दिराला भावजी म्हणायचं असतं हो, पण ज्याचं नाक मी पुसलं त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ काही वळली नाही.

त्याला एक खोड. कुठलंही काम सगळ्यात कमी खर्चात कसं होईल ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. वसाहतीत कपडे वाळत घालणं म्हणजे थट्टाच होती. राख बसायची, पुन्हा धुवा. हा अंगणात उभा राहून धुराकडे बघायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आज वारा पलीकडे आहे, चादरी आजच धुवायला काढ." साबण निम्म्यावर आला. हे त्याला स्वस्तराव म्हणायचे, आणि मग वसाहतभर तेच नाव पडलं.

सासरे खोकून खोकून गेले. राखेनेच गेले, डॉक्टर कागदावर काहीही लिहोत. त्या दिवशी हा खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ही धुराडी मी बंद करणार." आणि एक आत्ताच सांगून ठेवते, धुराडी बंद व्हायला नको होती असं माझं म्हणणं नाही. ज्यांनी माझ्या सासऱ्यांना खाल्लं त्यांचे गोडवे मी कशाला गाऊ?

शिकला पोरगा. यांच्या ओव्हरटाइमवर शिकला. राजधानीत वीज नियोजनाच्या कार्यालयात लागला. देशभराची वीज धुराशिवाय कशी करायची, आणि तीही सगळ्यात कमी खर्चात, हे शोधायचं त्याचं काम. म्हणजे खोडीचाच पगार! सुट्टीत आला की ओट्याला टेकून मला सांगत बसायचा. मी म्हणायची, "अरे, ऊन फुकट, वारा फुकट. लावा की सगळीकडे, त्यात शोधायचं काय?"

"वहिनी, उन्हाची वीज दुपारी. तुझे दिवे, तुझा स्वयंपाक संध्याकाळी. तेव्हा ऊन नाही, एखाद्या दिवशी वाराही नाही. मग बॅटऱ्या घ्यायच्या, की धरणातलं पाणी राखून ठेवायचं, की लांबून तारा ओढून दुसऱ्या टोकाचा वारा इकडे आणायचा? एक वाढवलं की दुसरं कमी लागतं. कुठलं जुनं केंद्र कधी बंद करायचं, तेही त्यातच. प्रत्येक वस्तू स्वस्त घेतली म्हणून घर स्वस्तात चालत नाही. सगळं मिळून स्वस्त पडलं पाहिजे."

बोलताना चेहरा नुसता खुलायचा त्याचा. मला अभिमान वाटायचा. वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्याने कार्यालयात एक नियमही घालून दिला होता. संगणकात कुठल्याही केंद्राचं नाव टाकायचं नाही, नुसते क्रमांक. नावं दिसली की साहेब लोकांना आपापल्या गावाचा उमाळा येतो म्हणे. सगळे म्हणाले, वा, माणूस असावा तर असा!

मग एक दिवस बातमी फुटली की देशात सगळ्यात आधी बंद होणार ते आमचं केंद्र. यांच्या नोकरीची बरीच वर्षं बाकी. घर केंद्राचं, दवाखाना केंद्राचा, नळाला येणारं पाणीसुद्धा केंद्राचं. नोकरी गेली की खोली गेली. मुलगी शिकत होती. मी यांना म्हटलं, "अहो, फोन तरी करा त्याला."

"भावापुढे हात पसरायला मी जाणार नाही," हे म्हणाले. आणि यांनी एकदा नाही म्हटलं की संपलं. मग मीच राजधानीला त्याच्या कार्यालयात गेले.

त्याची खोली वरच्या मजल्यावर, काचेच्या दाराची, थंडगार. टेबलावर दोन मोठे पडदे आणि त्यांच्या मधे कालच्या चहाचा कप. मला बघून तो ताडकन उठला, खुर्ची दिली, पाणी दिलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी सरळ विचारलं, "आपलंच केंद्र पहिलं का रे?"

"जुनं आहे, वहिनी. कोळसा लांबून येतो. माणसं जास्त लागतात. आणि..."

"आणि काय?"

त्याने एक पडदा माझ्याकडे वळवला. नुसत्या आकड्यांच्या रांगा. एका ठिकाणी बोट ठेवलं. "केंद्र बंद झाल्यावर तिथल्या माणसांवर करायचा खर्च. दुसरं काम, घर, मुलांच्या शाळा. हा आकडा मजूर खात्याने द्यायचा होता. त्यांनी दिला नाही. जागा रिकामी ठेवली तर गणित पुढे सरकत नाही, म्हणून मी तात्पुरतं शून्य टाकलं. आमच्यात सगळेच टाकतात. नंतर भरू म्हणून."

"मग भरलं का नाही?"

"राहून गेलं. गणित सुटत होतं, उत्तर येत होतं. कोणी मागे वळून बघितलंच नाही."

"म्हणजे आम्हाला हाकलायला शून्य खर्च?"

"शून्यापेक्षाही कमी." त्याची मान खाली गेली. "दादाचा पगार वाचतो ना, तो बचतीत धरलाय."

माझ्या तोंडून शिवी गेली. काचेपलीकडची दोन माणसं वळून बघायला लागली. बघू देत! म्हटलं, "भर. आत्ता, माझ्यासमोर भर."

त्याने अंदाजाने एक आकडा भरला. यंत्र बराच वेळ घोळत राहिलं. उत्तर आलं तसा तो पुढे वाकला. देशातला धूर ठरलेल्या वर्षीच थांबत होता. आमचं केंद्र मात्र पहिल्या नंबरावरून पार शेवटाकडे गेलं होतं. तोवर हे निवृत्त झाले असते, मुलगी मार्गाला लागली असती. आणि मोठ्या तारा आधीच तिथवर आलेल्या, म्हणून पुढे त्याच जागेवर बॅटऱ्यांचं केंद्र उभं राहत होतं. म्हणजे वसाहतीतल्या पोरांना काम.

"खर्च किती वाढला?" मी विचारलं.

"कुणाच्या बिलावर दिसणारही नाही एवढा."

मला रडू फुटलं. म्हटलं, पोर आपलंच आहे. "सांगशील ना साहेबांना?"

"चूक माझी आहे, वहिनी. मीच दुरुस्त करतो. पुढच्या आठवड्यात मंत्र्यांसमोर मांडायचंय, त्याच्या आत करतो."

मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. त्या आठवड्यात वसाहतीत माणसं पुन्हा हसायला लागली. यांनीसुद्धा, कधी नव्हे ते, त्याचं कौतुक केलं.

ठरल्या दिवशी आमच्या खोलीत बसायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. मंत्री बोलले, टाळ्या झाल्या, मग एका बातमीदार बाईने त्यालाच विचारलं, "हाच सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग, हे नक्की? सगळे खर्च धरलेत?"

त्याने चष्मा वर सरकवला. "हो," म्हणाला. "सगळे धरलेत." आणि मागे यादी झळकली. पहिला क्रमांक आमचाच.

हे उठले आणि टीव्ही बंद केला. शेजारी एकेक करून चपला घालून गेले. मला चार शिव्या देऊन गेले असते तर बरं झालं असतं.

मी फोन लावला. तो म्हणाला, साहेबांना सांगितलं, पण एकूण खर्चाचा आकडा आधीच मंत्र्यांच्या तोंडात बसला होता. "आणि वहिनी, दुरुस्ती केली की खाली सरकतं ते नेमकं आपलं केंद्र. साहेब म्हणाले, लोक म्हणतील भावासाठी आकडा फिरवला. मग सगळ्या कामावरच संशय. धुराडी राहिली असती तशीच."

"म्हणजे तिथे परका माणूस असता तर दुरुस्त केलं असतंस?"

"वहिनी, ते..."

"बोल ना मेल्या!"

"केलं असतं," तो म्हणाला.

केंद्र बंद झालं. देशाचा सुंठीवाचून खोकला गेला. आम्ही शहराच्या कडेला भाड्याच्या एका खोलीत आलो. हे एका गोदामावर राखण करतात. मुलीने शिक्षण सोडलं, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. यांना शांततेत झोप येत नाही. जन्मभर बॉयलरची घरघर ऐकलेला माणूस, तो थंडीतसुद्धा पंखा लावून निजतो.

मागच्या महिन्यात दीर आला. फळांची पिशवी घेऊन दारातच उभा. केस पांढरे झालेत. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "दादा, मजूर खात्याकडून आकडा आला. मी दर आठवड्याला जाऊन बसायचो तिथे, तेव्हा कुठे आला. आता पुढच्या प्रत्येक केंद्रात माणसांचा खर्च धरायचा, असं ठरलंय."

बैल गेला आणि झोपा केला! मी म्हटलं, "आणि आमचा?"

"बंद झालेलं केंद्र आता गणितात येत नाही, वहिनी." आवाज अगदी बारीक. "पुढचाच खर्च मोजतात."

माझा हात लाटण्याकडे गेला होता, खरं सांगते. पण हे मधे बोलले. "बरं झालं. बाकीच्यांचं तरी होईल." मग यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण आता तू इथे येत जाऊ नकोस. त्या केंद्रांची कामं अजून तुझ्याच हातात आहेत ना? कोणी बघितलं तर म्हणेल, भावाकडे जातो."

टोमणा असता तर मी टाळी वाजवली असती. पण हे टोमणा मारत नव्हते. खरोखर त्याच्या काळजीने बोलत होते.