मिरचीवाली

तिसगावच्या आठवडी बाजारात मिरच्या विकणारी एक बाई खदखदून हसायची. मी मुद्दाम तिच्याकडेच जायचो. एकदा म्हणालो, "मावशी, लई खुशीत दिसता!"

"हसले की नवरा मारायचा. येक दिवस उठले अन् थेट पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी समदं लिहून घेतलं. आता माहेरी हाय. राहिलेलं हसून घेती."

तेवढ्यात एक तरुण बाई मिरच्या घ्यायला आली. तिचा गाल सुजला होता.

मावशीनं हळूच विचारलं, "घरातलंच ना?"

तिनं मान हलवली.

"येतीस माझ्यासंगं? मला ठाणं ठावं हाय."

ती "व्हय" म्हणाली. मावशीनं तराजू माझ्या हातात दिला.

"दादा, तोवर तुमी इका."

मी मांडी घालून बसलो आणि जोरात ओरडलो, "ताजी मिरची!"