नोकरी सोडल्याचा विनोद

बंगळूरला हेब्बाळच्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून मी स्टँड-अप करायला लागले, हे आईने येलहंकातल्या आमच्या मराठी मंडळात कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगी जाहिरातीत दिसते, एवढंच सांगितलं होतं. तेही खरंच आहे. कुकरच्या एका जाहिरातीत शिट्टी झाली की दचकणारी सून म्हणजे मी. त्यासाठी अभिनय करावा लागला नाही. कुणी अचानक बोललं तरी मी तशीच दचकते.

त्या दचकण्याच्या जोरावर मंडळाने मला गणपतीत विनोदी कार्यक्रमाला बोलावलं. शाळेपासून माझं सगळं इंग्रजीत. मराठी आहे ती जेवायला वाढण्यापुरती. तरी आई हरखली. मग तिला आठवलं, की माझा निम्मा कार्यक्रम नोकरी सोडण्यावरच आहे.

"ट्रॅफिकवर बोल ना त्याऐवजी."

"ट्रॅफिकवर सगळेच बोलतात, आई."

"मग तूही बोल. मला रोज मंडळातल्या बायकांबरोबरच चालायला जायचंय."

आमच्या मंडळात कार्यक्रम आधी समितीपुढे करून दाखवावा लागतो. अध्यक्षांच्या घरी समिती सोफ्यावर, हातात पोह्यांच्या बशा, समोर मी उभी. कांदेपोहेच ते, फक्त स्वयंपाक येतो का हे कुणी विचारलं नाही. अध्यक्ष तीन पिढ्या इथले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सासूचा विनोद ऐकून ते म्हणाले, "हे स्वल्प कमी कर. सासवा पहिल्या रांगेत बसतात." पुण्याहून आलेल्या सेक्रेटरी काकूंनी डेटिंग कापलं. "फॅमिली क्राउड आहे गं." घरमालकांवरचा विनोद चर्चेविनाच गेला, समितीत बहुतेक घरमालकच होते.

उरला नोकरीचा. तो मी करून दाखवला: मी राजीनामा दिल्याचं सांगितलं, तेव्हा आईने पहिलं विचारलं, "लॅपटॉप परत द्यावा लागेल का?"

कुणी हसलं नाही. अण्णांनी बशी खाली ठेवली. "सरी, ठीक आहे. हा राहू दे. यात कुणाला लागायचं कारण नाही. असं करतं कोण?"

म्हणजे जे बोलायचं नव्हतं, तेवढंच मंजूर झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी माइकवर म्हणाले, "मी नोकरी सोडली." हशा. "आई शेजाऱ्यांना सांगते, वर्क फ्रॉम होम आहे." त्याहून मोठा हशा. दुसऱ्या रांगेत आई ओढणीने कपाळ पुसत होती.

नंतर प्रसादाच्या रांगेत सेक्रेटरी काकूंनी आम्हाला गाठलं. "काय अॅक्टिंग केलीस गं! बरं, माझ्या भाच्याचा रेझ्युमे तुझ्या कंपनीत देशील ना?"

हातात माइक नसला की मला बोलता येत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"अहो, तिने खरंच सोडलीये नोकरी. मीच सांगत नव्हते."

काकू एवढ्या जोरात हसल्या की मागच्या दोघीही हसायला लागल्या. "तुम्हीपण! लेकीचं पाहून शिकलात!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. आईला टाळी द्यावी लागली.

घरी येताना आई आमच्या गेटपाशी म्हणाली, "उद्या चालायला गेले की पुन्हा सांगेन त्यांना. नीट."

"हं."

"पण मी बोलले तेव्हा जास्त हसल्या ना त्या?"