दगडावर वाजणारे रुपये

एटापल्लीच्या आमच्या सोनारकामाच्या दुकानात दाराशी एक लहानसा काळा, गुळगुळीत दगड आहे. जुना रुपया आला की बाबा तो आधी त्या दगडावर टाकत. इंग्रजांच्या राणीच्या काळातला रुपया बहुतेक सगळा चांदीचा. तो खणखणीत वाजतो आणि नाद मागे रेंगाळतो. त्यांच्या शेवटच्या राजाच्या बऱ्याच रुपयांत चांदी निम्मीच, ते जरासे वाजून गप्प होतात. गिऱ्हाइकासमोर एकेक नाणं वाजवल्याशिवाय बाबा कामाला हात लावत नसत. सोनाराने बदललं, असं उद्या कुणी म्हणायला नको.

अलीकडे मात्र लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी बाबांची कुरकुर वाढली होती. आमचा टीव्ही अख्ख्या चौकाला ऐकू जायचा. मला कळत होतं, पण बाबांना बहिरं म्हणण्यापेक्षा वाघाची मिशी उपटलेली परवडली.

मागच्या उन्हाळ्यात एक माडिया बाई लेकीला घेऊन आली. तिच्या लग्नासाठी स्वतःच्या आईच्या जुन्या रुपयांची माळ करून हवी होती. दरवर्षी राखेने घासून नाण्यांवरचे चेहरे, सालाचे आकडे पार सपाट झाले होते. बाबांनी पहिला रुपया टाकला. नाद दुकानभर घुमला. बाबांनी मान हलवली, "निम्मी चांदी हाये." दुसरा टाकला, तिसरा टाकला. "सारेच हलके हायेत, बाई."

"भाऊ, माह्या मायनं जपलेले हायेत," बाईचा आवाज चिरकला. "मायनं काय हलकं जपलं?" लेक मान खाली घालून बसली.

माझा जीव तुटला. गप्प राहिले असते तर ती पोर हाच सल घेऊन बोहल्यावर चढली असती. मी म्हटलं, "बाबा, कड पाहा ना." निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेला मधोमध बारीक खाच असते. बाबांनी नख फिरवलं. खाच नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती. त्यांनी पहिला रुपया परत दगडावर टाकला आणि कान अगदी खाली नेला. नाद विरला तरी ते वाकूनच होते.

मग ते बाईकडे वळले.

"चांदी अस्सल हाये, बाई. माह्येच कान खोटे निघाले."

बाबांनी दगड माझ्याकडे सरकवला.

"आता तू आयक," ते म्हणाले, "अन् मले सांग."