रतिलालच्या इंजिनावरचे नारळपाणी

माझ्या धाकट्या भावाची गाडी देवाने थांबवली नव्हती. मी थांबवली होती.

आज रतिलालचे वर्षश्राद्ध झाले. पुतण्याच्या हातून पिंडदान झाले, पंगत उठली, आणि त्यानंतर मला हे कळले.

रतिलालचे म्हसावदला ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज होते. सुरतेकडच्या भंगारातून त्याने एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा सांगाडा आणला आणि दोन वर्षे खपून ती उभी केली.

त्याची इच्छा एवढीच होती की, ती गाडी घेऊन घाटातल्या शर्यतीत उतरावे.

इंजिनाला मूळचे दोन कार्बोरेटर होते. ते काढून त्याने फ्युएल इंजेक्शन बसवले. सेन्सर, वायरिंग, छोटा कॉम्प्युटर, सारे स्वतः जुळवले. मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या अशपाकला शेजारी बसवून तो धडगावच्या घाटात चाचण्या घेई. अशपाक हा त्याचा गॅरेजमधला भागीदार.

मला ते रुचले नाही. जुन्या वस्तूचा धर्म बदलू नये, असे मी त्याला सुनावले.

"दादा, कार्बोरेटर अंदाजे पेट्रोल देस," तो म्हणाला. "घाटवर हवा पातळ व्हयनी का त्यानं गणित चुकस. आते हवा मोजी मोजी पेट्रोल जाई."

मिताहारावर मी चाळीस वर्षे प्रवचने केली. इंजिनाला तेच शिकवणारा भाऊ मात्र मला हट्टी वाटला.

शर्यतीला निघण्याच्या सकाळी पूजेला त्याने मलाच बोलावले. आमच्या घरातल्या प्रत्येक ट्रॅक्टरची पूजा मीच केलेली. हळदकुंकू, हार झाले. नारळ फोडला आणि नेहमीच्या सवयीने मी म्हणालो, "बोनेट उघड."

"वरथून शिंपड ना दादा. मझार वायरी शेतस."

"का रे, वायरीसले देव चालत नही का?"

तो हसला. "देव चालस दादा. पानी चालत नही."

मला तो उद्धटपणा वाटला. चार माणसे उभी होती. मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो.

त्याने बोनेट उघडले आणि स्वतःच्या हाताने वर धरून ठेवले.

मी अर्धी करवंटी पाणी इंजिनावर ओतले. मंत्र स्पष्ट म्हटले. मनात भक्ती होती, हे खरे. भावाला नमवल्याचे समाधानही होते, हेही आज लिहिले पाहिजे.

घाटात दुसऱ्या वळणापर्यंत गाडी उत्तम चढली. मग इंजिन अडखळले आणि बंद पडले. ढकलत ती बाजूला घ्यावी लागली.

घरी आल्यावर मी त्याला म्हणालो, "देवाच्या मनात नव्हते. आता हा नाद पुरे."

"हां दादा," एवढेच तो बोलला.

मी ते गावभर सांगितले. एकदा तर प्रवचनातही दृष्टान्त म्हणून सांगितले. समोरच्या रांगेत रतिलाल बसला होता.

पुन्हा तो शर्यतीला गेला नाही. सहा वर्षे गाडी ताडपत्रीखाली राहिली. गेल्या वर्षी त्याचे हृदय बंद पडले.

आज पंगतीनंतर पाहुण्यांमध्ये विषय निघाला, तेव्हा मी सवयीने पुन्हा तेच बोललो, "देवाच्या मनात नव्हते."

अशपाक हातातला पेला खाली ठेवून उठला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, आते ते बोलू नका. नारयनं पानी सेन्सरना प्लगमा गयथं. परत उनूत तवय मीच प्लग काढा. मझार सगळं चिकट."

मी विचारले, "मग मला का सांगितले नाही?"

"रतीभाऊनी शपथ घालेल व्हती. म्हने, समजनं त दादा पूजाले हात लावाव नही."

अशपाक पुढे म्हणाला, "नवा प्लग त्याच हप्तामा बसाडा. गाडी तवयपाईन तयार शे. निस्तं तुमनं 'हां' पाहिजे व्हतं."

माझी पूजा टिकावी म्हणून त्याने आपली शर्यत सोडली. मी त्याच्या मौनाला देवाचा निर्णय म्हटले.

इतकी वर्षे वाचन केले, श्रोत्यांना अर्थ सांगितले. समोर बसलेल्या भावाच्या दोन शब्दांचा अर्थ मला लागला नाही.

ज्यांना ज्यांना मी ते वाक्य ऐकवले, त्या सर्वांना सांगतो: ते असत्य होते. रतिलालचे काम बिनचूक होते. चूक माझ्या हातून झाली.

धाकट्याला वाकून नमस्कार करण्याची आपल्याकडे रीत नाही.

रतिलाल, आज तुझ्या फोटोपुढे मी तो केला. भरल्या अंतःकरणाने तुला निरोप.