मेजरबाई आणि गोधडीचे बूट

मेजरबाई पायी आल्या तरी नुकत्याच घोड्यावरून उतरल्यासारख्या वाटायच्या. मान ताठ, पदर खोचलेला, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि आवाज असा की दुबईतल्या अल बर्शाच्या सिग्नलवर कुणाला हाक मारली, तर हिरवा दिवा असूनही गाड्या क्षणभर थबकाव्यात. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. माझी मुलगी शिकते त्या युनिव्हर्सिटीत त्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम सांभाळायच्या. 'मेजर' ही पदवी आमच्या मराठी मंडळानं एकमतानं दिलेली. मंडळात एकमतानं झालेली तेवढी एकच गोष्ट.

त्या मूळच्या मिरजेच्या. वडिलांचा टांगा होता. "मी चालायला शिकले ती घोड्याची शेपटी धरून," असं त्या सांगत. कुणी शंका घेतली तर शांतपणे म्हणत, "घोडा गेला बिचारा. आता साक्षीदार कुठून आणू?"

युनिव्हर्सिटीचे पहिले डीन अमेरिकन होते. एकदा चहा पिताना ते आठवणींत शिरले. त्यांच्या कॉलेजात म्हणे फुटबॉलच्या सामन्याआधी घोडेस्वारांचं पथक मैदानात यायचं, बँड वाजायचा, पोरं वेडी व्हायची. सांगता सांगता साहेबांचे डोळे पाणावले. दुसऱ्या कुणी टिश्यूचा डबा पुढे केला असता. बाईंनी जवळच्या तबेल्याला फोन लावला.

पुढच्या हंगामापासून आमच्या मैदानावर सहा घोडे येऊ लागले. त्यांच्यावर घोडेस्वारी शिकणारी कॉलेजचीच मुलं-मुली, हातात निळे झेंडे. मैदानाला एक फेरी मारायची, मग संघाच्या कर्णधारानं सगळ्यात पुढच्या घोडीला, शम्साला, गूळ भरवायचा आणि मगच सामना सुरू. हा गूळ काही अमेरिकेतून आला नव्हता, तो बाईंच्या पर्समधून यायचा. एकदा कर्णधार घाईत गूळ विसरला आणि आम्ही चार गोल खाल्ले. त्यानंतर लेबनॉनचा असो की केरळचा, एकही कर्णधार गूळ विसरला नाही.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षीच मैदानावर कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि तिच्यासोबत आले इंजिनियर हानी. इजिप्तचे, अतिशय सज्जन. हिरवळीवर पाऊल टाकण्याआधी स्वतःचे बूट काढणारे. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "नो हॉर्स, मॅडम. खलास."

"हबीबी, घोड्यांना विचारलंस का?" बाईंनी हिंदीत विचारलं. हे त्यांचं हुकमी वाक्य. कुणीही परस्पर काही ठरवलं की त्यांच्या तोंडून ते यायचंच. पण हानी हसले नाहीत.

त्या संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या आणि चक्क हळू आवाजात बोलल्या. माझ्या बायकोनं घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अरे सुनील, मी गेले तरी त्यांचं काही अडणार नाही. पण माझ्याबरोबर घोडेही गेले, तर इतकी वर्षं मी इथे केलं काय? ईमेल फॉरवर्ड केले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हानींशी तह केला. हंगामातल्या शेवटच्या सामन्याला फेरी होईल. हिरवळीवर एकही खूर उमटला नाही, तर प्रथा कायम राहील. एक जरी उमटला, तर खलास. घोड्यांसाठी रबरी बूट मागवले, ते पार्सल कुठल्याशा देशात अडकून बसलं. मग बाईंनी मंडळाच्या ग्रुपवर हुकूम सोडला, 'जुन्या साड्या आणा. योगा मॅटही आणा. कोण किती योगा करतं, ते मला माहीत आहे.'

शनिवारी आमच्या हॉलमध्ये साड्यांचा डोंगर झाला. बायका गोधडीचे टाके घालत होत्या, मी मॅट कापून तळवे करत होतो. चार थरांची गोधडी, खाली मॅट आणि वर बांधायला परकराची नाडी, असे घोड्यांचे बूट तयार झाले. शम्साच्या वाट्याला कुणाची तरी लग्नातली पैठणी आली. मुलगी दारातून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज टेल मी धिस इज नॉट फॉर माय कॉलेज."

सामन्याच्या दिवशी बँड वाजला आणि सहा घोडे मांजरीच्या पावलांनी मैदानात आले. टापांचा आवाज नाही, नुसतंच डौलदार चालणं. स्टेडियम उभं राहिलं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मुलगी दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

आणि घोटाळा झाला. सवय ती सवय! आमच्या बायकांनी रोज परकराला मारतात तशीच सुरगाठ मारली होती. फेरी संपत आली आणि शम्साच्या मागच्या पायाची नाडी लोंबू लागली. मागच्या घोड्यानं ती गवत समजून तोंडात धरली, ओढली. गाठ सुटली, पैठणी हिरवळीवर. हानी खुर्चीतून उठले.

"शम्सा, पाय!" बाईंचा आवाज बँडच्या वर गेला.

रोज तबेल्यात जाऊन तिचे खूर साफ करताना बाई असंच म्हणायच्या. शम्सानं पाय वर उचलला आणि तसाच धरला. स्वार मुलगी श्वास रोखून वर बसलेली. बाई साडी सावरत मैदानातून धावल्या, शम्साचा पाय मांडीवर घेतला, बूट चढवला आणि या वेळी निरगाठ मारली.

घोडे बाहेर गेल्यावर हानी मैदानात उतरले. अर्थातच बूट काढून. गुडघ्यांवर बसून त्यांनी हिरवळीवरून हात फिरवला. मग उठले. "नो मार्क," ते म्हणाले. "पण मॅडम, ती दुसरी गाठ मला शिकवा." बाईंनी त्यांच्याच टायवर शिकवली. त्या दिवशी हानी टाय कापून घरी गेले.

महिनाभरानं बाई मिरजेला परतल्या. यंदाच्या पहिल्या सामन्याला मी मुद्दाम लवकर गेलो. बाहेर घोडे ओळीत उभे होते आणि हानी जमिनीवर मांडी घालून नाड्या बांधत होते. इथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून मी व्हिडिओ काढून पाठवला. वाटलं, बाई गहिवरतील.

लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "तिसऱ्या घोड्याची मागची डावी गाठ सैल आहे. बघत काय बसलायस? पळ!"

मी पळालो.