कोर्ट उठेपर्यंत

"वकीलसाहेब, टाइम जातोय." हे त्याचं पालुपद. कोर्टाच्या व्हरांड्यातलं बाकडं रिकामं असलं तरी तो बसायचा नाही. जीपची चावी बोटाभोवती फिरवत दारापर्यंत जायचा, पुकारा झाला का ऐकायचा, परत यायचा.

तो डोळखांब-शहापूर जीप चालवायचा. त्या वर्षांत अशा जीप तुम्हीही पाहिल्या असतील. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी वेगळीच. जादा प्रवाशांचा खटला लागला की हा शहापूरच्या कोर्टात हजर. न्यायाधीशांचं विचारून व्हायच्या आत "कबूल साहेब" म्हणायचा, दंड भरायचा आणि स्टँडकडे पळायचा.

"अरे, आरोप तरी ऐकून घे," मी एकदा म्हटलं.

"पाड्यावरची माणसं बाजार करून खोळंबलीत, साहेब. त्यांना कोण नेणार?"

मग एका वळणावर त्याच्या जीपने सायकलवरच्या म्हाताऱ्याला उडवलं. म्हाताऱ्याचा पाय कायमचा अधू झाला. या खटल्यात मात्र मी त्याला कबुली देऊ दिली नाही. तुरुंगात जायची वेळ आली असती. तारखा पडत राहिल्या. शेवटी म्हातारा काठी टेकत साक्षीला आला आणि म्हणाला, "गाडी कोण चालवीत होता, मी बघितला नाय."

दुसरा साक्षीदार नव्हता. सुटला, असं मी धरूनच चाललो.

न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"गाडी मीच चालवत होतो. दुसऱ्या जीपच्या आधी स्टँड गाठायचा होता. बाबा दिसले होते. वाटलं, होतील बाजूला. ब्रेक नाय मारला."

दंड झाला, काही महिने लायसन गेलं, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. तो मागच्या बाकावर बसला. गुडघा सारखा हलत होता. थोड्या वेळाने म्हातारा त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"का बोललास रे? मी सोडवला होता तुला."

"तुमी काठी टेकत आलात, ते नाय बघवलं, बाबा."

म्हातारा घरी गेला नाही. संध्याकाळपर्यंत दोघे तसेच बसून राहिले.

लायसन परत मिळालं तरी त्याची जीप शहापुरात दिसेना. पुढे तो मुरबाडच्या नाक्यावर भेटला. "कल्याण, कल्याण" ओरडत दुसऱ्यांच्या जीप भरून देत होता.

"स्वतः का चालवत नाहीस?"

"चालवून बघितली, साहेब. पाय ब्रेकवरून निघतच नाय. मागं बसलेले वैतागतात."

तेवढ्यात जीप भरली. त्याने दार लावलं, पत्र्यावर थाप मारली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "सावकाश जा रे."

नंतर मुरबाडला गेलो तेव्हा तिथे दुसराच कोणी ओरडत होता. मी त्यालाच आधीच्या माणसाबद्दल विचारलं.

"तो होय? प्रत्येक ड्रायव्हरला सावकाश जा, सावकाश जा. मालकांनी काढला त्याला."

कुठे गेला, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.