सतीशदादाची आंबट बाटली

फोन आला तेव्हा मी सतीशदादाच्याच बाटलीची हवा काढत होते. पलीकडून त्याच्या ऑफिसातला माणूस सांगत होता, "मॅडम, सतीशसाब रास अल खैमा की फॅक्टरी में गिर गये... नहीं रहे." मी आधी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि मग खुर्चीत बसले. अशा वेळी आधी झाकण आठवावं, याचा नंतर मला फार राग आला. पण तसं बजावून ठेवणाराही तोच.

सतीशदादा माझा मावसभाऊ. एकटाच, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचा. त्याला आंबट बीअर घरी करायची हौस, आणि इथे घरी दारू करणं गुन्हा. शहाण्या माणसानं हौस बदलली असती. यानं बीअर बदलली. बार्लीला मोड आणायचे, सुकवून भरडायचे, उकळून गाळायचे आणि त्यात दह्याची निवळी नि बाल्कनीतल्या कुंडीतली तुती घालून आंबवायचं. नशा शून्य, पसारा पुरेपूर. "मग हिला बीअर कशाला म्हणायचं?" मी विचारायचे. "सरबत म्हणू का?" तो दुखावल्यासारखा म्हणायचा. खरीखुरी बीअर तो निवृत्त होऊन पुण्याला गेल्यावर करणार होता, अंगणात तुती लावून. "कधी जाणार, दादा?" "इन्शाल्ला." त्याच्या तोंडी याचा अर्थ एकच... आत्ता विचारू नकोस.

एकदा ऑगस्टात सुट्टीवर जाताना गृहस्थ दारं-खिडक्या लावून, शिस्तीत एसी बंद करून गेला. बाटल्या आत, ओट्यावर! कुंडीला पाणी घालायला मी गेले, तर बाटल्या फुटून छतापासून सोफ्यापर्यंत सगळं जांभळं आणि पायाखाली काचाच काचा. मी व्हिडिओ कॉल लावला. "अगं, जरा वर धर... वा, काय रंग आलाय! वास कसा आहे?" "दादा, मी पाय कुठे ठेवू ते सांग." "छतावरचा डाग पुसू नकोस हं, मला बघायचाय."

त्यानंतर त्याच्या बाटल्या माझ्या फ्रिजच्या दारात आल्या, दुधाच्या जागी. रोज संध्याकाळी मेसेज : "हवा काढलीस?" तयार झाली की पहिला घोट मला द्यायचा आणि विचारायचा, "काय कमी आहे?" "साखर." "यादीबाई, तुला आंबट कळतच नाही." हे नाव माझ्या कामांच्या याद्यांवरून. इतकी वर्षं हेच संभाषण, शब्दही न बदलता.

शेवटची बाटली देताना म्हणाला होता, "झाकण उघडल्यावर फुस्स झालं नाही की तयार झाली. तोवर तोंड लावायचं नाही." आता त्याचा फ्लॅट रिकामा केला, कुंडी आमच्याकडे आणली, दिवसकार्य झालं. बाटली मात्र दारात तशीच. "मॉम, जस्ट थ्रो इट," मुलगी म्हणाली. दोन शनिवारी माझ्या कामांच्या यादीत 'बाटली टाकणे' होतं. दोन्ही शनिवारी मी हवा काढली आणि झाकण लावून टाकलं.

परवा झाकण फिरवलं, आणि फुस्स झालं नाही. कान लावून पाहिला. काही नाही. पेल्यात ओतली, तर तोच छतावरचा रंग. एक घोट घेतला. आंबटढाण! डोळे गच्च मिटले, दात शिवशिवले. माणसानं जाता जाता तरी जरा बरी करावी...

"साखर कमी आहे, दादा," मी मोठ्यानं म्हणाले आणि पेला धरून ओट्यापाशी उभी राहिले. उत्तर द्यायला तो एवढा वेळ कधी लावत नसे.